पहिल्या डावाचे शून्य

मी एक जुने शून्य आहे. हसू नका मित्रांनो. शून्य म्हणजे काहीच नाही, असे तुमच्या गणिताच्या बाईंनी सांगितले असेल. पण मी पत्र्याचे आहे, चांगले हातभर उंच आहे आणि एकदा पायावर पडले तर माणूस आठवडाभर लंगडतो. पुंता लिमोन गावच्या बेसबॉलच्या मैदानावर, मागच्या भिंतीवरच्या धावफलकात मी कितीतरी वर्षे काम केले.

माझा जन्म तेलाच्या पिंपातून झाला. तोरिबियो नावाचा माणूस धावफलक सांभाळत असे. त्याने पिंप कापून ठोकून सपाट केले, काळा रंग दिला आणि त्यावर पांढरे आकडे काढले. सगळ्यात जास्त शून्येच काढली. या खेळात नऊ डाव असतात. प्रत्येक डावात दोन्ही संघ आळीपाळीने बॅट हातात घेतात आणि बहुतेक वेळा एकही धाव न काढता परत जातात. धाव झाली नाही की त्या चौकटीत शून्य टांगायचे. म्हणजे मान एक-दोन-तीनचा, पण राबायचो आम्ही. तीनचा आकडा तर इतका आळशी होता की त्याच्या मागे पालीने संसार थाटला होता.

मात्र आमच्या संघाचा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, पाहुण्यांना कोरडे परत पाठवी आणि मी फलकावर चढे, तेव्हा लोक टोप्या उडवत. ते दिवस आठवले की अजून बरे वाटते. तोरिबियो वारल्यावर त्याच्या बायकोने, फ्रेदेसविंदाबाईंनी, हे काम अंगावर घेतले. त्यांचा एक नियम होता. तिसरा गडी बाद होऊन डाव संपेपर्यंत कुठल्याही पाटीला हात लावायचा नाही.

"झालं तेच टांगायचं," त्या म्हणायच्या. "होणार ते सांगायला बाहेर सगळा गाव बसलाय."

ते खरेच होते. मैदानाच्या दारासमोर बांका होती, म्हणजे पैजा लावायचे दुकान. तिथली सगळ्यात लाडकी पैज माझ्यावरच असे. पाहुण्यांच्या पहिल्या डावात धाव होणार का? हो किंवा नाही. पहिला डाव संपला की निकाल हातात. कुणी मेलेली आत्या स्वप्नात आली म्हणून 'हो' लावी, कुणी सकाळी कॉफी उतू गेली म्हणून 'नाही'.

फ्रेदेसविंदाबाईंचा धाकटा भाऊ नेरेओ असल्या गोष्टी मानत नसे. तो टपाल कचेरीत कामाला होता. कोणत्या पिचरने पहिल्या डावात किती वेळा धाव दिली, वारा समुद्राकडून होता की उसाच्या मळ्यांकडून, सामना उन्हातला होता की दिव्यांखालचा, हे सगळे तो कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने मांडून ठेवी. त्याची बायको म्हणे, "लोकांच्या कपाटात कपडे असतात, आमच्या कपाटात पिचर टांगलेत." मागचे आकडे भरपूर असतील आणि एका बाजूला कलत असतील, तरच तो पैज लावी. नाहीतर नुसता सामना बघायला येई. हरला तरी चिडत नसे. आजच्या दिवसाचे कुणालाच कळत नाही, पण शंभर दिवसांचे थोडेफार कळते, असे त्याचे म्हणणे होते. वर्षाच्या शेवटी तो थोडा पुढेच असे. त्याचे गणित खोटे नव्हते, हे मी मोकळेपणाने कबूल करते.

मग फ्रेदेसविंदाबाईंचा मुलगा राडामेस आमच्या संघात पिचर म्हणून आला. उंच, लाजरा पोरगा. पहिल्या डावात त्याचा हात जड असे. चेंडू इकडेतिकडे भरकटत आणि बहुतेक वेळा पाहुण्यांची धाव होई. मी खुंटीवरच राही. नेरेओने दारावर भाच्याचे नाव लिहिले, खाली रेघा मारल्या आणि रेघा पुरेशा झाल्यावर तो भाच्याच्या प्रत्येक सामन्याला 'हो' लावू लागला. पायऱ्यांवर त्याची ठरलेली जागा होती. धाव झाली, डाव संपला, की तो उठून बांकेत जाई आणि तिथून घरी. दुसऱ्या दिवशी त्याच्याकडे बकऱ्याचे मटण शिजे. बहिणीलाही डबा जाई.

हंगामाच्या मध्यावर संघात पिचर जास्त झाले. एकाला काढायचे होते. मॅनेजर उबाल्दोने डॉमिनो खेळता खेळता नेरेओला विचारले, तुझे कपाट राडामेसबद्दल काय म्हणते? नेरेओने खरे ते सांगितले. झाले. उबाल्दोने ठरवले की रविवारचा सामना बघायचा, आणि हा पुन्हा तसाच खेळला तर त्याला साखर कारखान्यात काम शोधायला मोकळे करायचे. ज्या मुलाने लहानपणापासून दुसरे काहीच केले नव्हते, त्याचे सगळे त्या एका दुपारवर आले.

ही बातमी तिकीटवाल्याने रविवारी बाईंच्या कानावर घातली. नेरेओ नुकताच बांकेत पैज लावून आत येत होता. बाईंनी त्याला फलकाच्या मागे बोलावले. तिथल्या मचाणावर चढायला एक लाकडी शिडी होती. तो वर आला, तशी त्यांनी शिडी आत ओढून घेतली.

"ताई, हे काय?"

"बस खाली."

"अगं, सामना सुरू होतोय."

"इथूनही दिसतो. उबाल्दोला काय सांगितलंस?"

"झालंय तेच सांगितलं. पदरचा एक आकडा घातला नाही."

"आणि तो मटणाचा डबा? माझ्या पोराचं नुकसान शिजवून मलाच वाढलंस?"

नेरेओ खाली बघू लागला. "आकड्यांना भाचा कळत नाही, ताई."

"मामाला कळतो ना?"

बाईंनी आपला नियम मोडला, मला खुंटीवरून काढले आणि त्याच्या मांडीवर ठेवले. म्हणाल्या, "पाहुण्यांच्या ओळीतली शून्यं आज तू टांगायची."

खिशात 'हो'ची चिठ्ठी आणि मांडीवर मी, असा तो बसला होता. राडामेसने दोन गडी झटपट बाद केले. मग चेंडू भरकटायला लागले. चार चेंडू बाहेर गेले म्हणून एक जण न मारताच पहिल्या तळावर, म्हणजे बेसवर, गेला आणि पुढच्याने चेंडू उजव्या कोपऱ्यात मारला. धाव झाली. नेरेओ पैज जिंकला होता, आणि जिंकलेल्या माणसाचा असा चेहरा मी त्याआधी पाहिला नव्हता.

डाव संपला. बाईंनी एकची पाटी उचलून मुकाट्याने टांगली. मग शिडी पुन्हा खाली सोडली.

"जा. शटर ओढायच्या आत तुझे पैसे घेऊन ये."

बांका निकालाच्या दिवशीच पैसे देई, नंतर नाही, आणि सामना संपायच्या आधीच बंद होई. नेरेओ उठला. फटीतून त्याने एकदा मैदानाकडे पाहिले आणि पुन्हा बसला.

"ताई, हा दुसरा डाव कसा टाकतो गं?"

बाई त्याच्याकडे बघतच राहिल्या. "तुला माहीत नाही?"

त्याला खरोखर माहीत नव्हते, मित्रांनो. पैज पहिल्या डावाची, म्हणून रेघा पहिल्या डावाच्या. राडामेसचा दुसरा, चौथा, आठवा डाव त्या दारावर कुठेच नव्हता. भाच्याचा एक डाव त्याने इतक्या वेळा पाहिला होता की सगळा सामना पाहिला, असेच त्याला वाटत होते.

दुसऱ्या डावात नेरेओने मला टांगले. तिसऱ्यात माझ्या शेजारच्या शून्याला, चौथ्यात पुढच्याला. राडामेसचा हात सुटला होता. पाहुणे येत होते, हवेत बॅट फिरवून जात होते. सातव्या डावात आमच्या संघाने दोन धावा काढल्या आणि नवव्यात पाहुण्यांचा शेवटचा गडी बाद झाला. नेरेओने पाटी घ्यायला हात मागे नेला, तर खुंटी रिकामी. काही शून्ये गंजून मोडली होती, उरलेली सगळी फलकावर चढली होती.

"संपली," बाई म्हणाल्या, आणि त्या दिवशी पहिल्यांदा हसल्या.

कोपऱ्यात पांढऱ्या रंगाचा डबा होता, पण ब्रश वाळून दगड झालेला. नेरेओने बोटे रंगात बुडवली, बाहेर वाकला आणि रिकाम्या चौकटीत आपल्या हाताने शून्य काढले. वेडेवाकडे, एका बाजूला दबलेले. मी एरवी असल्या शून्याला नावे ठेवली असती.

खालून उबाल्दो ओरडला, "नेरेओ, ते कपाट धुऊन काढ," आणि निघून गेला. राडामेस राहिला, एवढाच त्याचा अर्थ होता.

थोड्या वेळाने राडामेस आईला भेटायला वर आला आणि शिडीवरच थबकला.

"मामा? तू गेला नाहीस?"

"कुठे जाणार?"

"पहिला डाव झाला की तू उठतोस ना. मला खालून तुझी रिकामी जागा दिसते. वाटायचं, माझा खेळ तुला बघवत नाही. आज तर तू सुरुवातीपासूनच नव्हतास."

नेरेओने खिशातली चिठ्ठी काढून भाच्याच्या हातात दिली. आजची तारीख, पाहुण्यांचा पहिला डाव, हो. राडामेसने ती वाचली.

"याचे पैसे आणायला जायचास?"

"हो."

"आज?"

"बंद झाली असेल बांका."

राडामेसने चिठ्ठी दुमडून आपल्याच खिशात घातली. "पुढच्या वेळी तुझ्या जागेवर बस," तो म्हणाला. "इथे बसलास तर मला दिसत नाहीस."

पुढे राडामेस बरेच हंगाम खेळला. फार मोठा झाला नाही, आणि पहिल्या डावातला त्याचा जड हात शेवटपर्यंत सुधारला नाही. मग मैदानात विजेचा धावफलक आला. आम्हाला पहारीने उपटून भंगारवाल्याकडे वजनावर घातले. त्या ढिगातून नेरेओने मला ओळखून घरी आणले. आता मी त्याच्या ओसरीवर आहे. माझी कड गंजली आहे आणि पोरे मला चेंडू मारतात.

मित्रांनो, मागचे आकडे जरूर पाहा. ते खोटे बोलत नाहीत, फक्त जेवढे विचारले तेवढेच सांगतात. पण कुणाचा एक डाव पाहून उठून जाऊ नका. तो खाली मैदानात उभा असतो आणि तुमची रिकामी जागा त्याला दिसत असते.