माफीची सोळा पाने

मित्रांनो, माझे वय विचारू नका. अंगावरचे आकडे झिजले आहेत, त्यावरून काय ते ओळखा. मी पोलादाची पट्टी, दोन फूट लांब, एका पुस्तकबांधणीच्या दुकानातली. सरळ रेषेपलीकडे मला काही येत नाही, म्हणून सरळच सांगते. मी पुस्तके कापायला मदत केली आणि माणसांना मारलेही.

कारखान्यात मला तापवले, लाटले, घासले. अंगावर आकडे कोरले तेव्हा वाटले, आता याहून वाईट काही व्हायचे नाही. किती भाबडी होते मी! बांधणीवाल्याने मला घेतले तेव्हा तो तरणाबांड होता. शिकंज्यात पुस्तक आवळायचे, माझी कड टेकवायची आणि सुरीने पानांच्या कडा छाटायच्या, हे त्याचे काम. गिऱ्हाइके कडेवरून बोट फिरवून म्हणत, "काय हात आहे हो तुमचा!" हे कौतुक चाले तेव्हा त्याची बायको खाली मान घालून फर्मे जुळवत असे. छापलेला मोठा कागद दुमडून सोळा पानांचा जो गठ्ठा होतो, तो फर्मा. ती फर्मे क्रमाने लावी, शिवी, आणि कौतुक त्याचे होई.

काम संपले की मला दारामागे खिळ्याला टांगत. घर दुकानाला लागूनच होते. मी खिळ्यावरून निघाल्याचा आवाज घरातल्या दोघींना, बायकोला आणि मुलीला, झोपेतही ओळखू येई. कारण काहीही पुरे. खळ पातळ झाली, चहा निवला, कोणी उलट बोलले, कोणी बोललेच नाही. मारून झाले की तो भिंतीशी बसून रडे. "चुकलो गं. हात तुटून पडो माझा," असे म्हणे. तो हात कधी तुटला नाही. चार दिवसांनी मी पुन्हा खिळ्यावरून खाली येई.

एकदा शाळेच्या ग्रंथालयातून ओल लागलेली एक कादंबरी दुरुस्तीला आली. एका होडी बांधणाऱ्याची गोष्ट होती. पुस्तक उसवून फर्मे मांडलेले असताना बांधणीवाल्याचे कशावरून तरी बिनसले आणि त्याने मला बायकोच्या कोपरावर हाणले. फर्मे जमिनीवर पसरले. तिने ते एका हाताने गोळा केले, कसेबसे लावले आणि शिवले. पानांच्या खालच्या कडा कुजल्या होत्या. त्याने त्या माझ्या आधाराने छाटल्या आणि त्यांच्यासोबत पानांचे आकडेही गेले. मी मुकाट टेकू दिला. माझा धंदाच तो.

त्याच कादंबरीवर मुलीला निबंध लिहायचा होता. लांबच्या एका निवासी महाविद्यालयात एकच जागा होती आणि ती निबंधावर मिळणार होती. जागा म्हणजे खोली, खाट आणि दाराला आतून कडी. मुलीने त्या कडीचा विचार किती वेळा केला असेल, ते मला ठाऊक आहे. ती आईला रोज तेच सांगे.

शाळेतल्या बाईंनी तिला बजावले होते, "गोष्ट सांगत बसू नकोस. गोष्ट मला माहीत आहे. तुला काय म्हणायचंय ते एका वाक्यात सांग, आणि प्रत्येक म्हणण्याला पान दाखव."

मुलीने दुकानातली कातरण घेतली, माझ्या कडेने चिंचोळ्या पट्ट्या फाडल्या आणि पुस्तकात खुणा म्हणून घातल्या. माझ्या साऱ्या आयुष्यातली ती सर्वांत सुखाची दुपार. जिथे होडीवाला वल्ह्याने बायकोला मारतो तिथे एक पट्टी, जिथे तो माफी मागतो तिथे दुसरी. मग तिने वहीत एक वाक्य लिहिले: 'या कादंबरीत माफी मारानंतर येत नाही, माराच्या आधी येते.' त्याखाली मुद्दे, मुद्द्यांखाली उतारे. आराखडा असा नेटका झाला की मला माझ्या सरळपणाचा अभिमान वाटला.

बाईंनी तो वाचला आणि कपाळाला हात लावला. "अगं, हे कुठून आणलंस? होडीवाला शेवटी मारतो, मग माफी मागतो. मग सगळे शांतपणे जेवायला बसतात. संपलं पुस्तक!" त्यांनी आपली प्रत पुढे ठेवली. दोन्ही ताडून पाहिल्यावर उलगडा झाला. आमच्या प्रतीत माफीचा फर्मा माराच्या फर्म्याआधी शिवला गेला होता.

"मध्येच वाक्य तुटलेलं दिसलं नाही तुला?" बाईंनी विचारले.

"दिसलं," मुलगी म्हणाली. "पण आमच्या घरी वाक्यं अशीच तुटतात."

बाईंनी आपली प्रतही तिच्या हातात दिली. म्हणाल्या, "दोन दिवस आहेत. दोन्ही प्रती घेऊन जा. तुझं म्हणणं टिकतं का ते बघ. आणि ती चुकलेली प्रत निबंधासोबत जोड."

हे सारे मुलीने घरी येऊन आईला सांगितले. बांधणीवाल्याने ते ऐकले.

"माझ्या हातचं पुस्तक चुकलं? आण इकडे. आत्ता उसवतो."

"नको ना बाबा. मला असंच हवंय."

"म्हणजे जगभर दाखवणार माझी चूक?"

मी खिळ्यावरून निघाले. पहिला फटका मुलीच्या खांद्यावर बसला. तिने पुस्तक छातीशी धरले आणि पाठ वळवली, म्हणून दुसरा पाठीवर बसला. कापड फाटले, कातडीही फाटली. तिसऱ्या फटक्याला आईने हात मध्ये घातला. माझ्या चौदाव्या इंचाखाली तिच्या मनगटाचे हाड मोडले. मला तो आवाज पुठ्ठा मोडल्यासारखा वाटला, आणि तसे वाटल्याची मला अजून लाज वाटते.

मग आईने धडधाकट हाताने माझे टोक पकडले. माझी कड तळव्यात रुतली, रक्त कोपरापर्यंत ओघळले, पण तिने सोडले नाही.

"फर्मा मी लावला होता," ती म्हणाली. "शिवताना कळलं होतं मला, मागचा पुढे गेलाय. उसवला नाही. म्हटलं, असंच तर होतं."

बांधणीवाल्याच्या हातातून मी सुटले. तो भिंतीशी बसला आणि रडू लागला. "चुकलो गं. हात तुटून पडो माझा." आई सवयीने थांबली. ही माफी नेहमी पुरी ऐकायची असे.

मुलीने तिचा दंड धरला. "आई, हा माफीचा फर्मा आहे. याच्यापुढे कुठला येतो, तूच शिवलायस. चल."

तो गुडघ्यांत डोके घालून रडत होता तेवढ्यात त्या बाहेर पडल्या. पुस्तक मुलीकडे होते, मी आईच्या मुठीत. ती मूठ दवाखान्यात उघडली.

निबंध मावशीच्या स्वयंपाकघरात लिहिला गेला. मुलीने जुना आराखडा फेकला नाही, तो तपासला. बरोबर क्रमाच्या प्रतीत होडीवाला एकूण तीनदा माफी मागतो, हे तिला आता दिसले. पहिल्या दोन माफ्यांनंतर वल्हे पुन्हा उचलले जाते. तिने ती पाने दाखवली. तिसऱ्या माफीनंतर पुस्तकच संपते, म्हणून वाचक तिच्यावर विश्वास ठेवतो. लेखिकेला आशा दाखवायची असेल, असाही एक परिच्छेद तिने प्रामाणिकपणे लिहिला. शेवटी लिहिले: 'दोन्ही प्रतींत शेवटचे पान एकच आहे. सगळे मुकाट जेवतात. एका प्रतीत ती शांतता वाटते, दुसरीत भीती. आई म्हणते, जेवणाऱ्यांना फरक माहीत असतो.'

समास तिने माझ्याच कडेने आखला. पाठीवरची जखम ताणली जाऊन ती दर ओळीला कण्हत होती.

जागा तिला मिळाली. आई मावशीकडेच राहिली. मनगट वाकडेच जुळले आहे, पण ती आता स्वतःच्या नावावर पुस्तके शिवते. मी मुलीच्या खोलीत टेबलावर असते. दाराला आतून कडी आहे.

मित्रांनो, माझ्यासारख्यांना तेलाचा बोळा फिरवा, ओलीत टाकू नका, असे मी म्हणायला हवे. पण गंजाने मला कधी दुखवले नाही. तुम्ही फक्त एवढे करा. एखाद्या घरी गेलात आणि तिथली पट्टी टेबलाऐवजी दारामागे खिळ्याला टांगलेली दिसली, तर पाणी पिऊन तसेच निघून येऊ नका. त्या घरातल्या मुलीला विचारा, ती सध्या काय वाचते आहे. आणि तिचे वाक्य मध्येच तुटले, तर थांबा.