हाकेचं नाव

हेमलताताईंनी आधारकार्ड उलटसुलट करून पाहिलं, चष्मा कपाळावर सरकवला आणि पुन्हा खाली ओढला. कार्डावर धर्मेंद्र लिहिलं होतं. साक्री बसस्थानकाजवळच्या चहाच्या टपरीवर त्यांच्यासमोर एका पायावरून दुसऱ्या पायावर झुलत उभा होता तो बादल.

"हे तुझंच आहे?"

"माझंच, ताई. शाळेतलं नाव आहे ते."

"आणि बादल?"

"ते खरं."

ताईंनी कार्ड परत दिलं नाही, पण पेनही काढलं नाही. चहा बादलने तसाच बाकावर ठेवला होता, त्यावर साय धरली.

चार वर्षांची ओळख, पण सगळी ईमेलवरची. जगभरचे लोक पदरमोड करून जी संगणकप्रणाली चालवतात, तिच्यातला एक छोटा प्रोग्राम बेवारस पडला होता. जुन्या फॉन्टात टाइप केलेला मराठी मजकूर तो आजच्या मोबाइलवर वाचता येईल असा करून द्यायचा. सांभाळणारा माणूस सोडून गेला आणि बादलने तो उचलला. गावात रेंज यायची ती टेकाडावरच्या पाण्याच्या टाकीपाशी. तिथे बसून त्याने चुका शोधल्या, दुरुस्त्या पाठवल्या आणि टोमणे पोटभर खाल्ले. त्यातले बरेचसे हेमलताताईंचे. त्या जळगावला कॉलेजात शिकवत आणि या मंडळींत जुन्याजाणत्या होत्या. बादलचं प्रत्येक काम त्यांच्याच हातून पुढे जाई.

आता त्यांच्या डोळ्यांचं दुखणं वाढलं होतं आणि त्या बाजूला होत होत्या. बादलला स्वतः सांभाळकर्ता व्हायचं, तर त्याच्या डिजिटल चावीला साक्षीदार हवा होता. चावी म्हणजे सहीच्या जागी चालणारा एक लांबलचक आकडा. जुन्या सदस्याने समोरासमोर भेटून म्हणायचं, की हा माणूस मी पाहिला आणि हे नाव त्याचंच. नाहीतर प्रोग्राम येत्या आवृत्तीतून वगळला जाणार होता. आणि चावीवर नाव होतं बादल.

"धर्मेंद्र नावाने नवी चावी कर," ताई म्हणाल्या. "मी बसते इथेच."

"नाही, ताई."

"का?"

"शाळेत घातलं तेव्हा गुरुजी म्हणाले, बादल हे काय नाव झालं? आणि त्यांच्या मनातलं लिहून मोकळे झाले. मायला विचारलं नाही. बाकी सगळं त्या नावावर आहे, असू दे. हे काम नाही द्यायचं त्याला."

बोलून गेला आणि स्वतःच चपापला. ज्या बाईने आपल्याला बोटाला धरून शिकवलं, तिच्याशी आपण पहिल्याच भेटीत हुज्जत घालतोय!

ताईंनी कार्डावरून नजर उचलली. "घरचं कोणी आहे जवळपास?"

"माय आहे. बाजारात रानभाजी विकतेय, करटुली घेऊन बसलीय."

"चल. तिच्या तोंडून ऐकते."

बादलच्या जिवात जीव आला. मायने त्याला जन्मात दुसऱ्या नावाने हाक मारली नव्हती. लॅपटॉपची थैली काखोटीला मारून तो असा सुटला, की ताईंना त्याला दोनदा थांबवावं लागलं.

दिवालीबाईने करटुल्यांवर पाणी शिंपडता शिंपडता वर पाहिलं. पोराबरोबर चष्मेवाली बाई. बाईच्या गळ्यात पट्टा, पट्ट्याला फोटोचं कार्ड. धुळ्याच्या कार्यशाळेतून ताई थेट आल्या होत्या आणि ते काढायचं राहून गेलं होतं. दिवालीबाई पदर सावरत उठून उभी राहिली. बादलने थैली तिच्या टोपलीशेजारी टेकवली.

"हा कोण तुमचा?" ताईंनी विचारलं.

"मना पोर्‍या शे, मॅडम."

"नाव काय याचं?"

दिवालीबाईने पट्ट्याकडे पाहिलं. "धर्मेंद्र," ती खणखणीत आवाजात म्हणाली.

बादलच्या तोंडचं पाणी पळालं. "माय, या सरकारी नई शेतस. घरनं नाव सांग."

"घरमा बी धर्मेंद्रच म्हनतस," असं म्हणून तिने पोराकडे असं पाहिलं, की पुढे बोलायची सोय राहिली नाही.

तिचंही चुकत नव्हतं. बादलचा बाप वनजमिनीचा दावा लावून बसला, तेव्हा तो एका कागदावर सिंगा निघाला आणि दुसऱ्यावर सिंग. दावा परत आला तो आलाच. तेव्हापासून दिवालीबाईने घरादाराला बजावलं होतं, गळ्यात पट्टा असलेलं माणूस दिसलं की कागदावरचं तेच नाव सांगायचं. इतकी पक्की साक्षीदार तालुक्यात सापडली नसती.

ताई हसल्या नाहीत. "बरं, येते मी," एवढंच म्हणून त्या निघाल्या.

बादल त्यांच्याबरोबर निघाला आणि पाहता पाहता पुढे गेला. राग मायचा होता, की गुरुजींचा, की स्वतःचा, त्याला समजेना. काय होतं नावात एवढं? करून टाकू नवी चावी. प्रोग्राम तर वाचेल. टाकीपाशी काढलेल्या सगळ्या संध्याकाळी धर्मेंद्रच्या नावावर जातील, जाऊ देत. बांगड्यांची गाडी, मिरच्यांचे ढीग, ओरडणारे विक्रेते, सगळं मागे टाकत तो स्थानकाकडे चालत सुटला.

"बादल! रे बादल्या! थैली आठेच राही गयी ना!"

तो गर्रकन वळला.

दूरवर माय उभी होती, एका हातात उंच धरलेली थैली. दुसरा हात तिने तोंडावर दाबून धरला होता. आणि दोघांच्या मधे, बांगड्यांच्या गाडीपाशी, हेमलताताई.

"दोनदा हाक मारली तुला," जवळ येत त्या म्हणाल्या. "धर्मेंद्र म्हणून." त्यांनी आधारकार्ड त्याच्या हातात ठेवलं आणि पर्समध्ये पेन चाचपायला लागल्या. "जा, थैली आण. चावीचा आकडा तूच वाच, सावकाश. मला आता बारीक दिसत नाही."

बादल धावत मायपाशी गेला. तिचा चेहरा पार उतरला होता.

"त्या बाईनी ऐकं का रे?" तिने हळूच विचारलं.

"ऐकं, माय," तो म्हणाला आणि थैली घेतली.