रेलमधली गाडी

गाडी घ्यायची ठरलं त्या दिवशी दर्शनने दोन अटी घातल्या. पैसे आपल्याजवळ आहेत तेवढ्यातच बसवायचं, कर्ज काढायचं नाही. आणि गाडी अशी हवी की किल्ली फिरवली की चालू झालीच पाहिजे. रंग, गाणी, एसी असल्या गोष्टींचं नाव काढायचं नाही. मी म्हटलं, निदान चाकं तरी चार असू देत. तो हसला नाही.

हसण्यासारखं नव्हतंच म्हणा. मला पाचवा महिना लागला होता. मागच्या खेपेला असाच पाचवा महिना असताना शाळेतून जीपने परत येताना पोटात कळा सुरू झाल्या आणि डहाणूला पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. त्याचा रस्त्याशी किंवा जीपशी काही संबंध नाही असं डॉक्टरीणबाईंनी दोनदा समजावलं. मी मानलं. दर्शनने मानलं नाही. त्याच्या मते आमचं मूल तलासरीच्या खड्ड्यांनी नेलं होतं.

आम्ही दोघं मूळचे जालन्याकडचे. तो डहाणू रोड स्टेशनवर बुकिंग क्लार्क, मी झरीच्या शाळेत शिक्षिका, आणि राहायला रेल्वेचं क्वार्टर. रोज एसटीने तलासरी, आणि तिथून सुनिलच्या जीपने झरी. जीप सुनिलची नव्हे, मालकाची. तो नुसता चालवायचा; मागच्या खेपेच्या त्या दिवशीही तोच होता. मला दिवस गेल्याचं कळल्यापासून त्याने पुढची सीट माझ्या नावावर केली होती. कोणी बसलंच तर, "ऊठ रं, बाई येतात," म्हणून मागे पाठवायचा. मला लाज वाटायची, आणि बरंही वाटायचं.

मग सुरू झाली गाड्यांची वधूपरीक्षा. डहाणूचे काशीनाथ मेकॅनिक दर्शनच्या ओळखीचे, त्यांना घेऊन आम्ही रविवारी हिंडायचो. एक गाडी बाहेरून नवरीसारखी आणि आतून सगळी पुट्टीने लिंपलेली. दुसरी अच्छाडच्या एका ढाबेवाल्याची, तिच्यातून कांदे-बटाटे वाहून वाहून मागची सीटच गायब झालेली. तिसरीचा मालक दर्शनला बाजूला घेऊन म्हणाला की गाडी लकी आहे, हिच्यात बसून तीन मुलींची लग्नं ठरली. दर्शन म्हणाला, "मला लग्न नाही ठरवायचं, दवाखान्यात पोचायचंय."

काशीनाथ प्रत्येक वेळी एकच गोष्ट सांगायचे. "इंजिनला खोट असली तर मी दुरुस्त करीन. ठोकलेली असली तरी बघू. पण पाण्यात गेलेली गाडी फुकट मिळाली तरी घेऊ नका. तिची वायर आतून सडते. आज चालेल, उद्या चालेल, आणि परवा रस्त्यात सगळं एकदम बंद पडेल. कुठे, केव्हा, कोणी सांगू शकत नाही." दर्शनने हे इतकं मनावर घेतलं की तो गाडी पाहायला गेला की पहिल्यांदा डिकी उघडून वास घ्यायचा.

चौथ्या गाडीचा फोटो स्टेशनवरच्या कोणीतरी पाठवला. झाईच्या पुढे, गुजरातच्या हद्दीत लागलीच एक गाव आहे, तिथल्या मनिष नावाच्या माणसाची गाडी. पांढरी, छोटी, गुजरात पासिंग, आणि किंमत आमच्या आवाक्यातली. काशीनाथ त्या दिवशी लग्नाला गेले होते. "नुसती बघून येऊ," दर्शन म्हणाला.

मनिष गाडीचे कागद आणायला आत गेला आणि आम्हाला ओट्यावर त्याच्या आईने, जमनाबांनी, चहा दिला. बाई हडकुळ्या, डोळ्यांवर जाड चष्मा. माझ्या पोटाकडे बघून समजल्या आणि माझ्या बशीत दोन बिस्किटं जास्त ठेवली. मग गाडीकडे बोट करून दर्शनला म्हणाल्या, "भाई, आ गाडी रेलमां हती, हों."

दर्शनने कप खाली ठेवला. "रेल में? कहाँ?"

"वलसाडमां."

त्याचा चेहरा उजळला तो मी आजही विसरलेले नाही. वलसाड म्हणजे केवढं रेल्वेचं ठिकाण! त्याने माझ्याकडे असं पाहिलं की जणू गाडी त्याच्या सख्ख्या भावाचीच निघाली. मग छातीवर हात ठेवून म्हणाला, "माँजी, मैं भी रेल में हूँ."

जमनाबांनी गालाला हात लावला. "तमे पण? अरे रे! क्यारनां?"

"बारा साल से."

"बार वरस!" त्या माझ्याकडे वळल्या आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवला. मला वाटलं, रेल्वेवाल्याच्या बायकोचे हाल यांना ठाऊक दिसतात. ड्युटीच्या वेळा, अर्धवट झोपा, सणाला घरी नाही. मला ती बाई फारच आवडली.

मनिष कागद घेऊन बाहेर आला तेव्हा त्या त्याला म्हणाल्या, "में एमने बधुं कही दीधुं छे." यांना सगळं सांगितलंय, एवढं मलाही कळलं. मनिषने मान डोलावली. दर्शनने किंमत थोडी कमी करायला सांगितली, तर तो एका शब्दात हो म्हणाला. इतका सज्जन विकणारा आम्ही पाहिला नव्हता. परत येताना मी म्हटलं, काशीनाथना एकदा दाखवू या. दर्शन म्हणाला, "अगं, रेल्वेच्या माणसाची गाडी आहे. आमच्या लोकांना वेळेवर तेल-पाणी करायची सवय असते." डिकीचा वास घ्यायला तो विसरला नव्हता. आत डांबराच्या गोळ्यांचा वास येत होता. रेल्वेवाले कपड्यांतही डांबराच्या गोळ्या ठेवतात, म्हणाला.

दोन महिने गाडी खरंच गुणी सुनेसारखी वागली. दर्शन ड्युट्या बदलून मला शाळेत सोडायचा. तलासरीच्या नाक्यावर सुनिल दिसला की हात करायचा. मोडक्या रस्त्यावर दर्शन इतका हळू चालवायचा की सायकलवाले आम्हाला मागे टाकायचे. मी चिडवलं की म्हणायचा, "मागून ओरडू देत. या वेळी काही होऊ द्यायचं नाही." त्या दिवसांत तो घरात गुणगुणायला लागला होता.

सातव्या महिन्यात वापीच्या डॉक्टरांकडे तपासणी होती. सगळं ठीक निघालं. परत येताना मी मागच्या सीटवर आडवी झाले होते. अच्छाडच्या अलीकडे, दोन्ही बाजूंना ट्रक धावत असताना, गाडी एकदम गप्प झाली. इंजिन बंद, काटे खाली, हॉर्न नाही, धोक्याचे दिवे नाहीत. होती तिथेच, मधल्या लेनमध्ये उभी राहिली. दर्शनने किल्ली फिरवली. पुन्हा फिरवली. मागच्या ट्रकने असा हॉर्न दिला की माझे कान बधिर झाले.

तो उडी मारून बाहेर पडला आणि माझं दार ओढायला लागला. दार उघडेना. मी आतून ओढलं. दुसरं ओढलं. काचा खाली येईनात. ट्रक आमच्या दोन्ही अंगांनी जात होते आणि प्रत्येक वेळी गाडी हलत होती. दर्शन बाहेरून काच बडवत माझं नाव घेत होता, आणि मी पोटावर दोन्ही हात धरून एवढंच म्हणत होते, परत नको, परत नको. शेवटी पुढच्या दोन सीटच्या फटीतून त्याने मला खेचून बाहेर काढलं. एका ट्रकवाल्याने आपला ट्रक आडवा घालून वाहतूक थांबवली, तेव्हा आम्ही रस्त्याच्या कडेला पोचलो. बाळाला काही झालं नव्हतं.

गाडी ओढून गॅरेजवर नेली. तिथल्या इलेक्ट्रिशियनने पायाखालचं मॅटिंग उचकटलं आणि खाली वाळलेल्या चिखलाचा थर दाखवला. "पाण्यात बुडलेली गाडी आहे, साहेब. आता जोडून देतो, पण गॅरंटी मागू नका."

त्याच आठवड्यात आम्ही मनिषच्या दारात. दर्शन एवढा ओरडला की शेजारचे बाहेर आले. मनिष आधी गोंधळला, मग तोही तापला. "साहेब, लपवलं कोणी? आईने सांगितलं ना तुम्हाला? म्हणून तर भाव तोडला. तुम्ही हसत हसत हो बोलले."

जमनाबा दारात येऊन उभ्या राहिल्या. "में तो कह्युं हतुं ने, भाई. रेलमां हती."

"रेलमध्ये म्हणजे रेल्वेमध्ये ना!"

मनिष डोक्याला हात लावून ओट्यावर बसला. "रेल म्हणजे पूर, साहेब. आमच्यात पुराला रेल बोलतात. मी तेव्हा वलसाडला राहायला होतो. नदीचं पाणी बिल्डिंगमध्ये शिरलं, गाडी दोन दिवस पाण्यात होती."

जमनाबांनी माझ्याकडे बघून हळूच विचारलं, मग हे बारा वर्षं पुरात होते ते काय? कोणीच हसलं नाही. मला त्यांच्यावर चिडायचं होतं. घरून निघाल्यापासून मी राग सांभाळून आणला होता आणि इथे तो ठेवायला जागाच नव्हती. त्या बाईने खरं सांगितलं होतं. नुसतं सांगितलं नव्हतं, माझ्या डोक्यावरून हात फिरवला होता. मनिषकडे परत द्यायला पैसे नव्हते. आमच्या पैशांतून त्याने आईचं ऑपरेशन करून घेतलं होतं. दर्शन परत फिरला.

गाडी जोडून आली. चालत होती, रोज व्यवस्थित चालत होती, आणि मी तिच्यात बसायला तयार नव्हते. पुन्हा सुनिलची जीप सुरू झाली. दर्शन रोज सकाळी मला एसटीत बसवायचा आणि बस सुटेपर्यंत खिडकीखाली उभा राहायचा. एके दिवशी म्हणाला, "ही विकू. येतील त्या पैशांत, थोडी उसनवारी करून, दुसरी घेऊ. नववा लागायच्या आत." विकत घेणाराही त्याने शोधला होता. सुनिल. त्याला स्वतःची गाडी घेऊन तलासरी ते झरी पॅसेंजर भरायचे होते.

"त्याला पुराचं सांगितलंस?"

"विचारलं तर सांगीन." मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "आपल्याला तरी कुठे कोणी नीट सांगितलं?"

मी भांडले. तो शांतपणे म्हणाला, "मला तो सुनिल दिसत नाही, नयना. मला त्या बंद काचेच्या आतली तू दिसतेस. तुला दुसरी गाडी मिळाली पाहिजे, बस." मलाही दुसरी गाडी हवीच होती. खोटं कशाला बोलू.

रविवारी सुनिल इस्त्रीचा शर्ट घालून क्वार्टरवर आला. दर्शन नुकताच ड्युटीवरून आला होता, अंगावर युनिफॉर्म तसाच. सुनिलने गाडीभोवती फेरी मारली, एक चक्कर चालवून आणली. गाडी शहाण्यासारखी चालली. मग तो बॉनेटवर हात ठेवून माझ्याकडे वळला. "मला साहेबांचा नको, बाई, तुमचा शब्द पायजे. तुमी सांगा, गाडी कशी हाय?"

दर्शन कुंपणाकडे बघत होता. मी म्हटलं, "सुनिल, ही गाडी रेलमध्ये होती."

सुनिल मोकळेपणाने हसला. "ते माहीत हाय ना, बाई. साहेब रेलचेच. म्हणून तर डोळे झाकून घेतो."

दर्शनने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. डोळ्यांत नुसती विनवणी होती. आणि खरंच, आता काय राहिलं होतं? मी सांगितलं होतं. उद्या सुनिल मागच्या सीटवर झरीची पोरं भरून अच्छाडच्या रस्त्यावर उभा राहिला असता, तरी मी म्हणू शकले असते की मी सांगितलं होतं. जमनाबा म्हणाल्या होत्या तसंच, तोच शब्द वापरून. पण त्यांना ठाऊक नव्हतं की समोरच्याला काय ऐकू गेलंय. मला ठाऊक होतं.

"रेल्वे नाही, सुनिल. पूर. गाडी पुराच्या पाण्यात बुडलेली आहे. हायवेवर बंद पडली आणि मी आत अडकले होते. तू घेऊ नकोस."

त्याने बॉनेटवरचा हात काढला. माझ्याकडे पाहिलं, मग दर्शनकडे. "साहेब तर कायच बोलले नाय," म्हणाला, आणि किल्ली पायरीवर ठेवून निघून गेला. दर्शन आत गेला. त्या दिवशी तो जेवला नाही आणि माझ्याशी बोललाही नाही.

सोमवारी सकाळी मात्र तो एसटीत माझ्याबरोबर चढला, थेट तलासरीपर्यंत आला. सुनिलची जीप उभी होती. मागे दाटीवाटीने माणसं बसली होती आणि पुढची सीट रिकामी होती. मी चढले. दर्शन सुनिलच्या खिडकीशी जाऊन उभा राहिला. माफी मागायची असावी, पण ते जमलं नाही. म्हणाला, "सुनिल, जरा सावकाश ने."

सुनिलने त्याच्याकडे पाहिलं नाही. "बाई बसल्या का मी सावकाशच चालवतो, साहेब. मागल्या वेळेपासून. तुमी कवा इचारलंच नाय."

त्याने किल्ली फिरवली. जीप चालू झाली.