चौकटीतला आकडा

“वरती माझं नाव, ते ॲपचं. खाली हिरवं बटण, तेही ॲपचं. मग ही मधली चौकट कुणाची?” लिफ्ट मेकॅनिकने मोबाइल तपासनीस बाईंच्या नाकासमोर धरला.

“ते आपल्या कंपनीच्या वेबसाइटचं पान आहे, काका. ॲपच्या मध्ये नुसतं बसवलंय.”

“म्हणजे तुम्ही ऑफिसात बसून ते पाहिजे तेव्हा बदलू शकता. माझ्या फोनला पत्ताही लागायचा नाही.”

“शकतो. पण बदललेलं नाही. ब्रेकचा नट चार फेरे आवळायचा, हे पहिल्यापासून आहे.”

“त्या दिवशी तीन होतं.”

महिन्यापूर्वी त्याने या इमारतीतल्या लिफ्टचा ब्रेक जुळवला होता. गेल्या सोमवारी लिफ्ट तिसऱ्या मजल्यावर थांबली आणि वीतभर खाली घसरली. तिथे राहणाऱ्या शिलाईवाल्या बाई बाहेर पाय टाकता टाकता पडल्या, मनगट मोडलं. नट एक फेरा सैल निघाला. चूक पानाची की माणसाची, एवढंच आता ठरायचं होतं. माणसाची ठरली तर त्याच्या हातात पुन्हा पाना येणार नव्हता.

कामावर त्याला सगळे ‘पंचनामा’ म्हणत. चहा चांगला झाला तरी तो आधी कपाचा तळ बघे. दूध उतू गेलं तरी हे विचारतील, यामागे कुणाचा हात आहे, असं बायको चारचौघांत सांगायची. या मधल्या चौकटीवर तर त्याचा पहिल्या दिवसापासून संशय होता. वर गच्चीवरच्या मशीनरूममध्ये रेंज नसे. तिथे ॲप उघडलं की नाव दिसे, बटण दिसे, आणि मधली चौकट पांढरीफटक. घरची माणसं जागच्या जागी आणि पाहुणा तेवढा पसार! म्हणून तो सूचना खालीच वाचून घेई आणि वर गेल्या गेल्या तिथल्या कंट्रोलच्या लोखंडी पेटीच्या दारावर, आतल्या बाजूला, आकडा खडूने लिहून ठेवी. तारखेसकट.

आज सकाळी डबा भरताना बायकोने हळूच विचारलं होतं, “अहो, तीनच होतं ना नक्की?”

“आता तूही त्यांच्या बाजूने?” म्हणत तो डबा न घेताच निघाला होता. ते त्याला फार लागलं होतं.

“वर चला,” तो तपासनीस बाईंना म्हणाला. “माझ्या हातचं लिहिलेलं दाखवतो.”

लिफ्ट बंद, मजले आठ. “तुम्ही व्हा पुढे. मी तिसऱ्या मजल्यावर त्या बाईंना भेटून येते.”

बरोबर. बाईंना पढवायला थांबली असणार. हाच विचार चघळत तो धापा टाकत वर पोहोचला. मशीनरूमच्या कुलपावर ओरखडे आहेत का, ते आधी बघितलं. नव्हते. आत जाऊन त्याने पेटीचं दार उघडलं. तारीख होती आणि खाली आकडा होता. ४.

त्याने चष्मा पुसून पुन्हा बघितलं. कुणीतरी मागाहून लिहिलं असेल. पण किल्ली एकच, तीही त्याच्याच जुडग्यात. शिवाय चार काढताना खालची गाठ तो नेहमी अर्धवट सोडी. इथेही ती सोडलेली होती.

मग सगळं आठवलं. चार लिहून त्याने पाना उचलला होता आणि हाताने आपले नेहमीचे तीन फेरे दिले होते. जुन्या सगळ्या लिफ्टना तीनच लागत. बावीस वर्षं हात तेच करत आला होता. आठवडाभर त्याने चौकटीवर संशय घेतला, ऑफिसवर घेतला, बायकोवर घेतला. स्वतःच्या हाताचं नाव एकदाही मनात आलं नाही. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

खिशात फडकं होतं. एकदा फिरवलं की पान खरं की तो, हे कुणालाच सांगता आलं नसतं. फडकं बाहेर आलंही. जिन्यात पावलं वाजली.

“सापडलं का, काका?”

त्याने फडकं खिशात कोंबलं आणि दार उजेडाकडे वळवलं.

बाईंनी वाकून बघितलं. “हे तर चार आहे.”

“अक्षर माझंच आहे. लिहून घ्या.”

त्यांनी वही काढली, पण उघडली नाही.

“त्या बाईंचा हात,” त्याने विचारलं, “कुठला?”

“उजवा.”

त्याने मान हलवली. मग कमरेचं जुडगं सोडून मशीनरूमची किल्ली काढायला घेतली. बावीस वर्षांत त्या जुडग्यातून एकही किल्ली कधी निघाली नव्हती. कडी गंजली होती, नखाने उघडेना. बाई मदतीला पुढे झाल्या, पण त्याने जुडगं दिलं नाही.