काळ्या डब्यातली अक्षरं

पट्टीच्या हातून रेघ वाकडी गेलेली तिच्या ऑफिसात बावीस वर्षांत कुणी पाहिली नव्हती. तिथे ती इमारतींचे नकाशे काढायची. उंच, किडकिडीत, आणि बोलण्यात एक मिलिमीटर इकडचं तिकडे नाही, म्हणून नाव पडलं पट्टी. मग ऑफिसच बंद पडलं. सात महिने ती घरी बसून आईची बडबड आणि स्वयंपाकघरातल्या नळाचं ठिबकणं आळीपाळीने ऐकत होती.

आता पूल बांधणाऱ्या एका कंपनीने मुलाखतीला बोलावलं होतं. शुक्रवारी, अकरा वाजता. बोलावलेले पाच, जागा एक. त्याआधी नोकरीच्या साइटवरची तुमची प्रोफाइल बघितली जाईल, असं पत्रात होतं. पट्टीच्या प्रोफाइलकडे आठवड्यात तीनदा कुणीतरी फिरकायचं, त्यातलं दोनदा ती स्वतःच.

"ताई, नाव नटव की जरा," मामेभाऊ फोनवर म्हणाला. त्याने स्वतःचं नाव इतकं वळणदार करून घेतलं होतं की वाचताना मान दुखायची. "एक साइट आहे. अक्षरांचा फोटो द्यायचा, ती त्याच वळणात नाव घडवून देते. ते नुसतं चिकटवायचं. गर्दीत उठून दिसशील."

अक्षरांना घरात तोटा नव्हता. पट्टीचे वडील पाथरवट. नाव कोरण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. जाऊन तीन वर्षं झाली, तरी त्यांचे पत्र्याचे साचे माळ्यावर दोन डब्यांत होते. पांढऱ्या डब्यातले दुकानांच्या पाट्यांसाठी, दारावरच्या नावांसाठी. काळ्या डब्यातले दफनभूमीतल्या दगडांसाठी. काळ्या डब्यातून जिवंत माणसाचं नाव मांडायचं नाही, माप बघण्यापुरतंही नाही, हा त्या धंद्यातला पहिला धडा. लहानपणी पट्टीने गंमत म्हणून स्वतःचं नाव मांडायला घेतलं, तर दुसऱ्याच अक्षराला वडिलांनी हातावर फटका दिला होता. आयुष्यातला एकुलता एक.

पण सुंदर अक्षरं होती ती काळ्याच डब्यात. वडील म्हणायचे, "पाटी माणूस चालता चालता वाचतो. दगडापुढे तो थांबतो. म्हणून इथे हात जपून."

"स्क्रीन म्हणजे काही दगड नव्हे," असं स्वतःला बजावत पट्टीने बुधवारी सकाळी जेवणाच्या टेबलावर आपलं नाव मांडलं. अक्षरं, काना, वेलांटी धरून साचे पाच. फोटो काढला, साइटला दिला, घडून आलेलं नाव प्रोफाइलवर चिकटवलं.

नाव उठून दिसलं, यात वादच नाही. तासाभरात दोनशे लोक येऊन गेले. आणि प्रत्येकजण तिथे दोन-दोन मिनिटं थांबला होता.

मग शिफारशी यायला लागल्या. "दोन ओळी लिहा हो," म्हणून सात महिने ज्यांच्या मागे लागली, त्या जुन्या साहेबांनी बावीस ओळी लिहिल्या. एकाने लिहिलं, "कधी कुणाला दुखावलं नाही." त्या बापड्याला तिने सगळ्यांसमोर दोनदा रडवलं होतं. पट्टी हरखली. मग पुढचं वाचलं: "जायचं वय नव्हतं." खाली मामेभावाने मेणबत्तीचा फोटो टाकला होता.

तिने त्याला फोन लावला. "अरे गाढवा, मी बोलतेय!"

"हॅलो? हॅलो?" तो म्हणाला. मग बायकोला म्हणाला, "कुणी बोलतच नाही गं. नुसतं टकटक वाजतंय. दगडावर छिन्नी मारल्यासारखं."

पट्टी नाव बदलायला धावली, तर तिथे ओळ झळकली: हे दिवंगत व्यक्तीच्या स्मृतीचं पान आहे, बदलासाठी जवळच्या नातेवाइकांनी दाखला जोडावा. पाव आणायला खाली गेली, तर दुकानदाराच्या हातातल्या फोनवर तिचंच नाव. त्याने तिच्या खांद्यावरून मागच्या बाईला विचारलं, "काय देऊ?" आपोआप उघडणारं काचेचं दार तिच्यासाठी उघडेना. एक कुत्रं बाहेर निघालं, त्याच्या मागून ती निघाली.

आईने मात्र उंबऱ्यातच विचारलं, "पाव कुठाय?"

पट्टीने तिचा हात धरला. "आई, मी तुला दिसते?"

"न दिसायला काय झालं? जन्म दिलाय तुला. तू आहेस की नाही ते मला पाटी वाचून कळायचं का?" मग आईची नजर टेबलावरच्या काळ्या डब्याकडे गेली. तिने हातातलं फडकं खाली ठेवलं.

"एकदा त्यांच्याही हातून झालं होतं," ती म्हणाली. "मेला थोरला भाऊ, आणि दगडावर नाव कोरलं धाकट्याचं. धाकटा आठवडाभर गल्लीत हाका मारत फिरला. कुणी ओ दिली नाही."

"मग?"

"कोरलेलं पुसता येत नाही. त्याने आपल्या हाताने साध्या, वाकड्या अक्षरांत नाव लिहिलं, आणि परक्या माणसाने ते मोठ्याने वाचलं. तो दगड न पाहिलेल्या परक्याने. घरच्यांचं चालत नाही गं. आम्ही काय, मेलेल्यांनाही हाका मारतो."

गुरुवारभर पट्टी नाव लिहिलेला कागद लोकांच्या तोंडासमोर नाचवत फिरली. नजरा कागदावरून घसरून जात होत्या. तोवर चाळीस हजार जणांनी ते पान पाहिलं होतं. गावात न पाहिलेला उरला होता कोण?

तरी शुक्रवारी ती गेली. बावीस वर्षांत कुठे उशीर केला नव्हता, मेल्यावर कशाला करायचा? स्वागताच्या टेबलावरच्या माणसाने मान वर केली नाही. लिफ्ट येईना. ती पाच मजले चढून गेली आणि उघड्या दारातून आत शिरली.

आत एक बाई एकट्याच बसल्या होत्या. खुर्चीला पांढरी काठी टेकलेली, हातात फोन.

"या, बसा," त्या म्हणाल्या. "चपला करकरतायत तुमच्या."

पट्टीला हुंदकाच आला.

"रडायचं ते मुलाखत झाल्यावर. आधी मला एक सांगा. मला दिसत नाही, हा फोन मला प्रोफाइल वाचून दाखवतो. नटवलेल्या अक्षरांशी आला की तो मुका होतो, ते माझ्या सवयीचं आहे. तुमच्या नावाशी मात्र टकटक करतो. कोण कोरतंय आत?"

"माझे बाबा," पट्टी म्हणाली.

बाई हसल्या नाहीत. त्यांनी फोन पुढे सरकवला. "साधं लिहा. जसं शाळेत लिहायचात तसं."

स्क्रीनवर बोटाने लिहिताना पट्टीची वेलांटी दोनदा चुकली. फोनने कोरड्या आवाजात नाव वाचलं. मग बाईंनी तेच नाव मोठ्याने उच्चारलं, पुन्हा एकदा, चव घेतल्यासारखं.

दारात खालच्या स्वागताच्या टेबलावरचा माणूस धापा टाकत उभा! "अहो बाई, वर कशा आलात? वहीत सही कोण करणार?"

इतकं गोड कुणी तिच्यावर खेकसलं नव्हतं.

बाईंनी तिला एक पूल बोलून उभा करायला सांगितला. पट्टी कमान आणि खांब सांगत गेली, बाईंचं बोट टेबलावरून सरकत पलीकडच्या काठाला पोचलं. "सोमवारपासून या," त्या म्हणाल्या.

घरी येऊन पट्टीने डबा आवरायला घेतला. टेबल रिकामं होतं, आणि डब्यात पाच खण रिकामे.

"आई, तू उचललेस साचे?"

"मी कशाला हात लावू?" आई पान वाढत म्हणाली. "त्यांनी नेले असतील. तुझा दगड ऐऱ्यागैऱ्याने केलेला त्यांना खपायचा नाही. एकदा हातात घेतलेलं काम ते अर्धवट सोडत नाहीत."

माळ्यावर टक् झालं. दोघींनी वर पाहिलं. आमटी निवली तेव्हा कुठे दुसरं टक् आलं.

"जेव," आई म्हणाली. "बघ, किती सावकाश चाललंय. घाई नाहीये त्यांना."