खंडेनवमीच्या दोन बॅटी

घरात पाऊल टाकल्या टाकल्या दिपालीने बजावलं होतं, "आये, ह्या निल्या बॅगेला कोनी हात लावायचा न्हाय. बाबांनी न्हाय, तू पन न्हाय." हौसाने मान डोलावली. आता मान डोलावणं वेगळं आणि ऐकणं वेगळं, हे आयांना काय सांगायचं!

बॅगेत टेबल टेनिसच्या दोन बॅटी होत्या. असल्याच बॅटींच्या जिवावर हौसा-केसरीनाथची ही लेक भिवंडीच्या एका व्यायामशाळेतून थेट ऑस्ट्रियाला पोचली होती. तिथल्या क्लबकडून खेळता खेळता तिथलीच झाली आणि इथला पासपोर्ट परत करून बसली. आता गोव्याच्या मोठ्या स्पर्धेत ती त्या देशाकडून उतरणार होती, म्हणून वाटेत अंजूरला, आईबापाच्या घरी आली होती. पण चेहरा काही माहेरी आलेल्या पोरीचा नव्हता. जेवताना हौसाने खोदून खोदून विचारलं, तेव्हा ती बोलली. बॅटीच्या रबराला तेल, केमिकल असलं काही चोपडलं की चेंडू जास्त जोरात सुटतो, म्हणून त्याला बंदी आहे. बॅट मशीनवर ठेवतात आणि मशीन तिचा वास घेतं. मागे एकदा गोंद नीट वाळला नव्हता, तेवढ्यावरून तिची बॅट पकडली गेली होती.

"परत सापडले ना आये, तं काढूनच टाकतील. भायेरून आलेल्या पोरीला कोन सांभालून घेतो? आनि इकडचा दरवाजा मीच लावून गेले." एवढं बोलून तिने पुढ्यातलं सुकटीचं कालवण बाजूला सारलं.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. केसरीनाथच्या शेतावर आता गोदाम उभं होतं, पण हत्यारांची पूजा काही सुटली नव्हती. पाटावर कोयता आला, विळी आली, मासळी कापायची पावशी आली, टेम्पोची चावीसुद्धा आली. दिपाली प्रवासाच्या शिणाने आतल्या खोलीत गाढ झोपली होती. हौसाने पाटाकडे पाहिलं आणि तिला चुकल्या चुकल्यासारखं झालं. घरातलं सगळ्यात मोठं हत्यार तर बॅगेतच होतं! आजच्या दिवशी ज्याला कुंकू लागत नाही ते हत्यार ऐन वेळी दगा देतं, असं तिची सासू म्हणायची. आणि पोरीवर तर आधीच कुणाची तरी नजर होती.

तिने हळूच चेन उघडली. हात लावू नको म्हणाली होती खरी, पण देवाच्या हाताला काय विटाळ? एकीला कुंकू लावावं आणि दुसरीला उपाशी ठेवावं, हे तिच्या मनाला पटेना, म्हणून तिने दोन्ही बॅटी पाटावर मांडल्या. ओलं बोट फिरवून हळद-कुंकू लावलं, झेंडूची फुलं वाहिली, हात जोडले. क्षणभर तिला फार बरं वाटलं.

मग पुसायला गेली, तर हळद निघेना. ओल्या फडक्याने ती आणखीच पसरली. लेक उठायच्या आत डाग जायला हवा होता. भिवंडीच्या आसपास डाग म्हटलं की हात आपोआप एका डब्याकडे जातो. लूमवरच्या कापडाला पडलेले तेलाचे डाग उडवायचं केमिकल तिथे घरोघर सापडतं. तिने बोळा भिजवला आणि दोन्ही बॅटी चोळून काढल्या. डाग चुटकीसरशी गेला. डब्याचं झाकण लावताना उग्र वास नाकात शिरला, आणि तेव्हा कुठे तिला आदल्या दिवशीचा तो शब्द आठवला. केमिकल.

हौसाने हातातला बोळा फेकून दिला. तिने रबरावरून बोट फिरवलं. चोळलेल्या जागी ते फुगलं होतं, गांधीलमाशी चावल्यावर अंग फुगतं तसं. तिने पंखा लावला, बॅटी धरून त्याच्याखाली बसली. संध्याकाळपर्यंत फुगवटा बसला, वासही नाकाला येईनासा झाला. झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणून तिने बॅग होती तशी ठेवून दिली.

दसऱ्याच्या सकाळी केसरीनाथ बाहेर टेम्पोचा हॉर्न वाजवत होता. दिपालीने निघता निघता बॅग उघडली आणि थबकली. चेनच्या दातांत झेंडूची एक पाकळी अडकली होती.

"आये, बॅगेला हात लावलावतास?"

सांगायचं तर हीच वेळ होती. हौसाच्या जिभेच्या टोकावर सगळं आलंही होतं. पण सणाच्या दिवशी, उंबऱ्यात, निघालेल्या पोरीचं तोंड उतरवायचं?

"न्हाय गो बाय. वाऱ्याने आली आसंल."

दिपाली हसली आणि तिने पाकळी कानामागे खोचली. आईवर तिचा विश्वास होता. तो नसता तर फार बरं झालं असतं.

सामन्याच्या दिवशी अर्धं गाव केसरीनाथच्या टीव्हीसमोर जमलं. समोर खेळायला भारताचीच पोर होती, त्यामुळे टाळी कुणाला वाजवायची हेच लोकांना कळेना. केसरीनाथने मात्र लेकीलाच वाजवली. हौसा खेळ बघतच नव्हती, ती बॅट बघत होती. दिपाली जिंकली, सगळे ओरडले, आणि त्या गलक्यात एका माणसाने येऊन तिची बॅट पिशवीत घालून नेली. ते फक्त हौसाने पाहिलं.

फोन आला तेव्हा घरात पेढे वाटणं चाललं होतं. हौसा मोबाइल घेऊन मागच्या पडवीत गेली.

"आये, मशीनने बॅट पकडली." दिपाली भराभर बोलत होती. "पन तू घाबरू नको. मी त्यांना सांगितलं, माझ्या घरी कोनी हात लावला न्हाय, माझ्या आयेने सांगितलंय. आनि मी सोताहून दुसरी बॅट काढून दिली. म्हटलं, हीपन तपासा. तिला तर मी इकडे हातसुद्धा लावला न्हाय. ती चांगली निंगाली की मशीनच चुकली आसं व्हईल. आता तीच लावतात बघ मशीनला."

हौसाने पडवीचं दार ओढून घेतलं.

"बाय, ती मशीनला लावू देऊ नको."

"का गो?"

"दोगींना लावलंवतं कुंकू. मंग डागाच्या केमिकलने पुसलं. एकीला कशी उपाशी ठेवू?"

 पलीकडे कुणीतरी इंग्रजीत दिपालीचं नाव पुकारलं.

"आये," ती अगदी हळू म्हणाली, "मी तुला इचारलंवतं."