पेंढा भरलेलं शिंगरू

"अजून कोंब. पोटाकडे पोकळ राहिलंय," बुरुल जाऊबाई म्हणाल्या.

मी शिंगराच्या कातड्यात गवत कोंबत होते आणि मनातून चडफडत होते. हगवण लागून शिंगरू गेलं होतं. ते समोर नसलं की घोडी दूध देत नाही आणि घोडीच्या दुधाशिवाय कुमिस आंबवता येत नाही, म्हणून हा खटाटोप. सासूबाईंनंतर आमच्या कुरणावर असलं कोणी केलं नव्हतं.

"आटली तर आटली, जाऊबाई. त्या शहरातल्या पोराला दुसरीकडे मिळेल कुमिस."

"कोंबायचं नसेल तर हो बाजूला."

मी आणखी मूठभर गवत कोंबलं. त्यांचा मुलगा तेमिर गेल्या उन्हाळ्यात आतड्यांच्या सुजेनंच गेला होता. कुमिसचा बुधला घेऊन त्या शहरातल्या दवाखान्याकडे निघाल्या होत्या. तो गेला तेव्हा त्या घाटातच होत्या.

आणि आता हा एसेन, उन्हाळाभर कुमिस प्यायला आमच्याकडे आलेला. बिश्केकचा बसचालक, आजार तोच. शौचातून रक्त पडायचं; भर रस्त्यात गाडी थांबवून पळायचा, उतारू शिव्या घालायचे. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या होत्या, त्या सोडायच्या नव्हत्या. शिवाय पोटातल्या चांगल्या जंतूंसाठी सोसेल तेवढं आंबवलेलं दूध घ्यायचं, आणि त्या जंतूंना खायला जवाची पेज.

"जंतूंनासुद्धा जेवू घालायचं? अगंबाई!" जाऊबाई हसल्या होत्या. "घालू बापडे." वर्षभरात त्यांचं हसू मी पहिल्यांदाच ऐकलं.

पेंढा भरलेलं शिंगरू घोडीपुढे धरलं. तिनं हुंगलं, मागे सरली, पुन्हा हुंगलं. मग चाटू लागली आणि तिला पान्हा फुटला. मी जाऊबाईंकडे वळले.

"तिला कळत नाही होय?"

"न कळायला काय झालं? पण काहीतरी चाटायला हवं ना तिला."

त्या संध्याकाळी एसेन थंडीनं कुडकुडत होता. जाऊबाईंनी पेटीतून तेमिरचा मेंढीच्या कातड्याचा कोट काढला, त्याच्या अंगावर घातला आणि कॉलरपाशी नाक नेऊन थांबल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी हाक मारली, "तेमिर, पेज घे." एसेननं ओ दिली.

मग रोजचंच झालं. आमच्यात तंबूत शिरणाऱ्यानं बुधल्यातली रवी चार वेळा तरी हलवायचीच. एसेन घुसळायला लागला की बाहेर माझ्या अंगावर काटा यायचा. वाटायचं, तेमिरच आलाय.

"अरे मेल्या, तुझं नाव सांग ना त्यांना!"

"राहू दे काकू. माझं काय जातंय?"

हळूहळू त्याचं रक्त पडायचं थांबलं, गालांवर मांस आलं. शरद सरता सरता घोडी आटली आणि एसेन निघाला. कोट नीट घडी घालून ठेवून गेला. गाडी घाटाआड जाईपर्यंत जाऊबाई उभ्या होत्या.

रडत बसल्या असतील म्हणून मी भाकरी घेऊन गेले. आतून घुसळल्याचा आवाज येत होता. दाराशी शिंगराचं कातडं रिकामं, चपटं पडलं होतं. बुधल्याशेजारी तेमिरचा कोट बसवलेला; बाह्या फुगलेल्या, गळ्यातून गवताच्या काड्या बाहेर आलेल्या.

जाऊबाईंनी रवी थांबवली नाही.

"मला कळतंय गं," त्या म्हणाल्या.

"माहितीये, जाऊबाई."

मी चार वेळा रवी हलवली आणि कोटाला धक्का लागणार नाही अशी, जरा सरकून बसले.